आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेतील वंश आणि सत्तासंबंध

आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेतील वंश आणि सत्तासंबंध हा समाजशास्त्र, विकास-अभ्यास आणि उत्तर-वसाहतवादी विचार यांमध्ये अभ्यासला जाणारा विषय आहे. एका देशातील व्यक्ती दुसऱ्या देशात विनावेतन किंवा नाममात्र मानधनावर सेवा करण्यासाठी जाते, तेव्हा सेवा देणारा आणि सेवा घेणारा यांच्यामध्ये वर्ण, राष्ट्रीयत्व, भाषा, पैसा व शिक्षण यांमुळे असमानता निर्माण होते किंवा आधीची असमानता दृढ होते. तिची कारणे, परिणाम आणि तिच्यावरील उपाय यांचा विचार या विषयात केला जातो.

महाराष्ट्रात, विशेषतः विदर्भात, परदेशी सेवाव्रतींचे काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. मिशनरी शाळा व दवाखाने, पंडिता रमाबाईंच्या संस्था, वर्ध्याचे सेवाग्राम, नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय, वरोऱ्याचे आनंदवन आणि जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. कामाची दिशा, पैसा आणि माणसांची निवड यांवर अंतिम अधिकार कोणाचा, हा प्रश्न या सर्व उदाहरणांत पुन्हा पुन्हा उपस्थित झालेला दिसतो.

संकल्पना

स्वयंसेवेत हेतू चांगला असतो, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. अभ्यासकांचा आक्षेप हेतूवर नसून रचनेवर आहे. स्वयंसेवक कोठे जायचे, किती दिवस राहायचे आणि केव्हा परतायचे हे स्वतः ठरवतो. ज्यांच्यासाठी तो येतो त्यांना ही मुभा नसते. स्वयंसेवकाच्या कामाचा हिशेब बहुधा त्याच्या देशातील संस्थेकडे आणि देणगीदारांकडे जातो, गावाकडे जात नाही. काम बिघडले तरी परिणाम गावाला भोगावे लागतात.

या चर्चेत काही संज्ञा रूढ झाल्या आहेत. ‘गोरा तारणहार’ ही संज्ञा, कृष्णवर्णीय किंवा आशियाई समाजाचा उद्धार गौरवर्णीय व्यक्तीच करते अशा कथनासाठी वापरली जाते. नायजेरियन-अमेरिकन लेखक तेजू कोल यांच्या २०१२ मधील लेखनामुळे ही कल्पना सर्वत्र चर्चिली गेली. ‘स्वयंसेवा पर्यटन’ (व्हॉलंटूरिझम) म्हणजे सहल आणि अल्पकालीन सेवा यांची सांगड घालून शुल्क आकारणारा व्यवसाय. ‘स्थानिकीकरण’ म्हणजे मदतीचे निर्णय व निधी स्थानिक संस्थांच्या हाती सोपवणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वसाहतकाळात ‘मागासलेल्यांना सुधारणे’ हे साम्राज्याचे नैतिक समर्थन म्हणून पुढे केले जात असे. रुडयार्ड किपलिंग यांची १८९९ मधील, फिलिपिन्समधील अमेरिकी सत्तेच्या संदर्भातील ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ ही कविता या विचाराचे प्रतीक मानली जाते. मिशनरी चळवळ आणि साम्राज्य यांचे हितसंबंध मात्र नेहमी एकच नव्हते. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्यांना परत पाठवण्याचा प्रयत्न केला होता. याच अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरर १८२७ मध्ये भारतात आल्या. अहमदनगर येथील त्यांच्या मुलींच्या शाळेचा प्रभाव जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शैक्षणिक कार्यावर पडला. परक्यांनी आणलेले साधन स्थानिक सुधारकांनी स्वतःच्या हेतूसाठी वापरले, याचे हे प्रारंभीचे उदाहरण आहे.

धर्मप्रसाराशी संबंध नसलेल्या संघटित आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेचा प्रारंभ पहिल्या महायुद्धानंतर झाला. स्विस शांततावादी पिएर सेरेसोल यांनी १९२० मध्ये फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या उद्ध्वस्त गावात पहिले श्रमशिबिर घेतले. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ ही संघटना उभी राहिली. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल सहकाऱ्यांसह भारतात आले आणि त्यांनी पुनर्वसनाच्या कामात प्रत्यक्ष अंगमेहनत केली. साहेबाने कुदळ हाती घेणे ही त्या काळच्या भारतात असाधारण घटना होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी पाठबळाचे कार्यक्रम सुरू झाले. ब्रिटनमध्ये १९५८ साली ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ ही संस्था, अमेरिकेत १ मार्च १९६१ रोजी ‘पीस कोअर’ आणि १९७० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावाने ‘संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक’ हा कार्यक्रम स्थापन झाला. पीस कोअरच्या स्थापनेमागे शीतयुद्धातील स्पर्धेचाही भाग होता.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढील काळात सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅम महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. आश्रय देणारे आणि आश्रित यांच्यातील सत्तासंबंधांचा हा एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे का, या प्रश्नावर भारतातील बिशपांनी हरकत घेतली. आपल्याविषयीचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यावा, हे रमाबाईंना मान्य झाले नाही. गळ्यातील क्रुसावरचे शब्द लॅटिनमध्ये का असावेत, संस्कृतमध्ये का नसावेत, असा प्रश्नही त्यांनी विचारला. भारतातील ब्राह्मणांना संस्कृतविषयी वाटते तशीच भावना इंग्रजांना लॅटिनविषयी वाटते काय, असा त्या प्रश्नाचा रोख होता.

१८८७ मध्ये बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनच्या निधीतून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. पैसा अमेरिकेतून येत होता, तर भारतात समाजधुरीणांचे सल्लागार मंडळ होते. सदनातील काही मुलींच्या ख्रिस्ती धर्माकडील ओढीवरून १८९३ मध्ये या मंडळाने राजीनामे दिले. परदेशी देणगीदार, स्थानिक उच्चवर्णीय पुढारी आणि चर्च या तिघांनाही संस्थेवर आपला अधिकार आहे असे वाटत असताना, ती चालवणाऱ्या स्त्रीला स्वतःची जागा निर्माण करावी लागली. पुढे केडगाव येथील ‘मुक्ती सदना’त परदेशी स्त्रिया काम करण्यासाठी आल्या, तेथे त्या रमाबाईंच्या नेतृत्वाखाली काम करीत होत्या.

नारायण वामन टिळक

कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर अनेक वर्षे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. परदेशी मिशनरी वरिष्ठ आणि भारतीय कार्यकर्ता पगारी मदतनीस, ही रचना त्यांना उत्तरोत्तर असह्य झाली. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनच्या आर्थिक बंधनाबाहेरचा, भारतीय रीतीचा ख्रिस्ती समुदाय ही त्यामागची कल्पना होती. याच काळात, १९१० च्या एडिंबरो मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या यांनी, मिशनरी भारतीयांसाठी त्याग करतात पण त्यांच्याशी बरोबरीची मैत्री करीत नाहीत, अशी टीका केली होती.

वर्धा, सेवाग्राम आणि परिसर

ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याची कन्या मॅडलिन स्लेड (मीराबेन) नोव्हेंबर १९२५ मध्ये गांधीजींच्या आश्रमात दाखल झाल्या. शासक वंशातील व्यक्ती येथे शासितांपैकी एकाच्या शिस्तीखाली राहत होती. त्या काळच्या नेहमीच्या क्रमाच्या हे उलट होते. १९३० च्या दशकात त्यांनी वर्ध्याजवळील सिंदी आणि नंतर सेगाव (पुढे सेवाग्राम) येथे ग्रामसफाईचे काम केले. सिंदीतील गावकऱ्यांनी प्रारंभी या कामाला फारसा प्रतिसाद दिला नाही. सेवकाने ठरवलेली गरज आणि गावाला जाणवणारी गरज यांत अंतर असू शकते, याची ही नोंद म्हणता येईल. सेगावच्या मालगुजारीचा मोठा हिस्सा जमनालाल बजाज यांच्याकडे होता. त्यामुळे तेथील प्रयोगालाही जमीनमालकीच्या सत्तेची पार्श्वभूमी होती.

बैतूल जिल्ह्यातील खेडी या गावी इंग्लिश कार्यकर्त्या मेरी बार यांनी १९३० च्या दशकात गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली ग्रामसेवा केली. मार्जोरी साइक्स यांनी सेवाग्राम येथे नई तालीमच्या शिक्षक-प्रशिक्षणात काम केले. त्यांनी भारतीय भाषा आत्मसात केल्या आणि पुढे भारतीय नागरिकत्व स्वीकारले. दीर्घ वास्तव्य, भाषाज्ञान आणि स्थानिक नेतृत्वाचा स्वीकार ही या पिढीतील सेवाव्रतींची समान वैशिष्ट्ये आहेत.

औंध संस्थानातील प्रयोगही या संदर्भात उल्लेखनीय आहे. पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांनी भवानराव पंतप्रतिनिधी, अप्पा पंत आणि गांधीजी यांच्यासमवेत औंधच्या १९३९ च्या राज्यघटनेच्या सिद्धतेत भाग घेतला. त्या घटनेने राजाचे अधिकार ग्रामपंचायतींपासून वर जाणाऱ्या लोकनियुक्त रचनेकडे सोपवले. आटपाडीजवळील ‘स्वतंत्रपूर’ या खुल्या कारागृहाची कल्पनाही फ्रीडमन यांचीच होती.

जेम्स लॉसन आणि नागपूर

आंतरराष्ट्रीय स्वयंसेवेतील वंशाचा प्रश्न नागपूरच्या संदर्भात सर्वाधिक स्पष्ट होतो तो जेम्स लॉसन (१९२८–२०२४) यांच्या चरित्रातून. लॉसन हे आफ्रिकन-अमेरिकन मेथडिस्ट कार्यकर्ते होते. कोरियन युद्धाच्या काळात सक्तीच्या सैन्यभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांना अमेरिकेत तुरुंगवास झाला होता. सुटकेनंतर १९५३ मध्ये ते मेथडिस्ट चर्चतर्फे नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात आले आणि १९५६ पर्यंत त्यांनी तेथे क्रीडा-मार्गदर्शक व विद्यार्थ्यांमधील धर्मकार्यकर्ता म्हणून काम केले. हे महाविद्यालय स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८८३ मध्ये स्थापन केले होते आणि १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांचे नाव त्याला दिले होते.

औपचारिकदृष्ट्या लॉसन शिकवण्यासाठी आले होते. प्रत्यक्षात सत्याग्रहाचा अभ्यास हा त्यांच्या वास्तव्याचा गाभा ठरला. डिसेंबर १९५५ मध्ये ‘नागपूर टाइम्स’मधून त्यांना माँटगोमेरी येथील बस-बहिष्काराची वार्ता समजली. मायदेशी परतल्यावर फेब्रुवारी १९५७ मध्ये त्यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली आणि किंग यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेकडील राज्यांत कामाला गेले. नॅशव्हिल येथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी अहिंसक प्रतिकाराचे वर्ग घेतले. जॉन लुईस, डायेन नॅश, जेम्स बेव्हेल व बर्नार्ड लाफायेट हे त्या वर्गांतील विद्यार्थी होत. फेब्रुवारी १९६० मध्ये नॅशव्हिलच्या उपाहारगृहांतील वर्णभेदाविरुद्ध धरणे सुरू झाले आणि मे महिन्यात तेथील उपाहारगृहे कृष्णवर्णीयांना खुली होऊ लागली. या आंदोलनामुळे व्हँडरबिल्ट विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले. १९६८ मध्ये मेम्फिस येथील सफाई कामगारांच्या संपासाठी किंग यांना बोलावण्यातही त्यांचा पुढाकार होता.

लॉसन यांच्या उदाहरणात ज्ञानाच्या प्रवाहाची नेहमीची दिशा बदललेली दिसते. श्रीमंत देशातून आलेला स्वयंसेवक स्वतः त्या देशात वर्णभेदाचा बळी होता आणि यजमान देशाकडून मिळालेली पद्धत त्याने स्वसमाजाच्या मुक्तीसाठी वापरली. ‘विकसित’ देशाने द्यावे आणि ‘अविकसित’ देशाने घ्यावे, या गृहीतकाला हा महत्त्वाचा अपवाद आहे.

आनंदवन

बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि १९५१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू केले. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलच्या अनेक देशांतील स्वयंसेवकांनी तेथे राहून रुग्णालयाच्या इमारतींचे बांधकाम केले. कुष्ठरोगाच्या भीतीमुळे परिसरातील लोक तोवर आनंदवनातील भाजीपाला घेत नसत. परदेशी तरुण तेथे राहतात, तेथलेच अन्न खातात, हे पाहिल्यावर ही भीती ओसरू लागली, असे आनंदवनाच्या इतिहासात सांगितले जाते.

या घटनेचे दोन अर्थ लावले जातात. एक म्हणजे, बाहेरच्या माणसाच्या निर्भय सहवासाने सामाजिक बहिष्कार मोडण्यास मदत झाली. दुसरा असा की, कुष्ठरुग्णांचे श्रम जे सिद्ध करू शकले नाहीत ते गोऱ्या पाहुण्यांच्या उपस्थितीने सिद्ध झाले. म्हणजेच वर्णाची प्रतिष्ठा येथेही कामी आली. कामाची आखणी मात्र आनंदवनाकडेच राहिली. १९६७ पासून सोमनाथ येथे भरणाऱ्या श्रमसंस्कार छावणीने श्रमशिबिराची कल्पना मराठी तरुणांमध्ये रुजवली.

पीस कोअर

पीस कोअरचे ४,००० हून अधिक स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतात येऊन गेले. त्यांपैकी सर्वाधिक प्रसिद्धी मिळालेल्या लिलियन कार्टर या पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातोश्री होत. त्या व्यवसायाने परिचारिका होत्या. वयाच्या ६८ व्या वर्षी, १९६६ मध्ये, त्या मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत रुजू झाल्या आणि १९६८ पर्यंत तेथे राहिल्या. प्रारंभी त्यांच्याकडे कुटुंबनियोजनाचे काम होते. नंतर त्यांनी दवाखान्यात रुग्णसेवा केली. वर्णभेद पाळणाऱ्या जॉर्जिया राज्यात राहूनही तो न मानणाऱ्या म्हणून त्या ओळखल्या जात.

कुटुंबनियोजन, कुक्कुटपालन आणि शेती-विस्तार यांसाठी भारतात आलेल्या अनेक स्वयंसेवकांचे त्या विषयातील प्रशिक्षण अल्पकालीन होते. नुकताच पदवीधर झालेला परदेशी तरुण पिढीजात शेतकऱ्याला शेतीविषयी सल्ला देतो, ही विसंगती टीकेचा विषय झाली. १९७१ च्या बांगलादेश युद्धानंतर भारत-अमेरिका संबंध ताणले गेले आणि १९७६ मध्ये पीस कोअरचे भारतातील काम थांबले.

नागपूर व पुण्यातील बौद्ध संस्था

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूर येथील धम्मदीक्षेनंतर ६ डिसेंबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे निधन झाले. त्या वेळी इंग्लिश भिक्षू संघरक्षित नागपुरात होते आणि त्यांनी शोकाकुल अनुयायांपुढे भाषणे केली. त्यांचे शिष्य लोकमित्र १९७७ मध्ये धम्मदीक्षेच्या वर्धापनदिनास नागपूरला आले व पुढे पुण्यात स्थायिक झाले. त्यांच्या पुढाकाराने त्रैलोक्य बौद्ध महासंघ (२०१० पासून त्रिरत्न बौद्ध महासंघ), ‘बहुजन हिताय’चे शैक्षणिक व आरोग्यविषयक उपक्रम आणि नागपूरमधील ‘नागलोक’ यांची उभारणी झाली. ब्रिटनमधील करुणा ट्रस्ट घरोघरी निधी गोळा करून या कामास साहाय्य करीत आला आहे.

येथे परदेशी निधी आणि प्रशिक्षण असले तरी वैचारिक अधिष्ठान आंबेडकरांचे आहे आणि ते यजमान समाजाकडून आले आहे. त्यामुळे पाश्चात्य कार्यकर्त्यांनाही आंबेडकरी विचार शिकून घ्यावा लागला.

लातूर भूकंप

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८,००० लोक मृत्युमुखी पडले. देशविदेशांतून मदतीचा ओघ सुरू झाला. अनेक गावे नव्या जागी वसवण्यात आली. काटकोनी रस्ते आणि शहरी धर्तीची घरे असलेल्या या वसाहतींत गुरे, शेतीची अवजारे आणि एकत्र कुटुंब यांचा पुरेसा विचार झाला नाही, अशी टीका पुढे झाली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या घरदुरुस्ती कार्यक्रमात मात्र ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावातील महिलांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. यांपैकी काही महिला २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये मार्गदर्शनासाठी गेल्या. एका आपत्तीतील लाभार्थी दुसऱ्या आपत्तीत जाणकार म्हणून पुढे येण्याचे हे उदाहरण आहे.

जामखेड

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांना १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या प्रकल्पात गावाने निवडलेल्या, बहुतांशी अल्पशिक्षित किंवा निरक्षर आणि अनेकदा दलित महिलांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले. येथे येणारे परदेशी डॉक्टर व विद्यार्थी या महिलांकडून शिकतात. स्वयंसेवक नव्हे, प्रशिक्षणार्थी अशी त्यांची भूमिका असल्याने नेहमीचा अधिकारक्रम उलटा होतो.

वंश आणि जात

भारतीय संदर्भात वंशाचा प्रश्न जातीपासून वेगळा काढता येत नाही. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले.

परदेशी स्वयंसेवक गावात आला की त्याची राहण्याची सोय बहुधा ज्याच्याकडे मोठे घर, इंग्रजी आणि वाहन आहे त्याच्याकडे होते. त्यामुळे गावाची गरज त्याला प्रभावशाली जातींच्या तोंडून कळते. दुसरीकडे, जातिव्यवस्थेबाहेरचा असल्यामुळे तो काही वेळा असे निर्बंध ओलांडू शकतो, जे ओलांडणाऱ्या स्थानिकाला बहिष्कार सोसावा लागला असता. आफ्रिकन किंवा आफ्रिकन-अमेरिकन स्वयंसेवकांना भारतात वर्णावरून होणारा भेदभावही सोसावा लागतो. गोऱ्या सहकाऱ्याला मिळणारा आदर त्यांच्या वाट्याला येतोच असे नाही.

देशांतर्गत स्वयंसेवेशी तुलना

सेवा देणाऱ्याची सत्ता केवळ परदेशी माणसाकडेच असते असे नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्या अंतर्गत महाविद्यालयीन विद्यार्थी दत्तक घेतलेल्या गावात सात दिवसांचे विशेष शिबिर घेतात. नरखेड किंवा काटोलसारख्या तालुक्यातील संत्रा-उत्पादक गावात शहरातून विद्यार्थी येतात, तेव्हा वर्ण एकच असला तरी शहर-गाव, शिक्षण आणि जात यांचे अंतर असतेच. शिबिराचे विषय गावाशी बोलून ठरले की आधीच ठरवून आणले, हा प्रश्न तेथेही लागू होतो.

विदर्भातील संतपरंपरेत सेवेची वेगळी रीत आढळते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आल्यावर आधी खराट्याने गाव झाडत, नंतर श्रमाच्या मोबदल्यात भाकरी घेत आणि रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या ‘ग्रामगीते’त ग्रामसुधारणेची जबाबदारी ग्रामस्थांवरच सोपवलेली आहे. या परंपरेत सेवक हा दाता म्हणून वर उभा राहत नाही.

टीका आणि प्रतिवाद

ऑस्ट्रियात जन्मलेले विचारवंत इव्हान इलिच यांनी एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोतील कुएर्नाव्हाका येथे अमेरिकन विद्यार्थी स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण या विषयावरील टीकेचा आरंभबिंदू मानले जाते. या तरुणांनी पाहुणे म्हणून किंवा शिकण्यासाठी यावे, पण मदत करण्यासाठी येऊ नये, असे मत त्यांनी मांडले. नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या एका संघटनेने २०१२ मध्ये, आफ्रिकन लोक नॉर्वेतील थंडीने गारठलेल्यांसाठी हीटर गोळा करीत आहेत असे उपरोधिक गीत प्रसारित करून, मदतीच्या जाहिरातींतील एकांगी चित्रणाकडे लक्ष वेधले.

टीकेचे प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे आहेत:
• अल्पकालीन स्वयंसेवक अकुशल काम करतो, तेव्हा स्थानिक मजुराचा रोजगार बुडू शकतो.
• अनाथालयांतील अल्पकालीन स्वयंसेवेमुळे मुलांना वारंवार जवळीक व वियोग सोसावा लागतो. काही देशांत देणग्यांसाठी पालक असलेल्या मुलांनाही संस्थेत आणले गेले आहे.
• मुलांची व रुग्णांची छायाचित्रे संमतीविना प्रसिद्ध केली जातात.
• वरिष्ठ पदे आणि वेतन यांत परदेशी व स्थानिक कर्मचाऱ्यांमध्ये तफावत राहते.

प्रतिवाद करणाऱ्यांच्या मते, ही टीका सर्व स्वयंसेवकांना एकाच मापाने मोजते. कुशल डॉक्टर, अभियंता किंवा शिक्षक यांची टंचाई खरी असते. यजमान संस्था बहुतेक वेळा असहाय नसतात. त्या स्वयंसेवकांचा उपयोग आपल्या उद्दिष्टांसाठी जाणीवपूर्वक करून घेतात. परतलेले स्वयंसेवक स्वतःच्या देशातील धोरणांवर प्रभाव टाकतात, हाही लाभ दुर्लक्षिता येत नाही.

भारतातील कायदेशीर चौकट

परदेशी नागरिकाने भारतात कोणते काम करावे हे व्हिसाच्या प्रकारावर अवलंबून असते. पर्यटन व्हिसावर कोणत्याही मोबदल्याविना जास्तीत जास्त एक महिन्याचे स्वयंसेवी काम करता येते. त्याहून दीर्घ कामासाठी स्वतंत्र व्हिसा लागतो. संस्थांना मिळणाऱ्या परकीय देणग्यांवर परकीय अभिदाय (विनियमन) अधिनियमाने नियंत्रण ठेवले आहे. १९७६ च्या कायद्याची जागा २०१० च्या कायद्याने घेतली. २०२० च्या दुरुस्तीने अशा देणग्या अन्य संस्थांकडे वर्ग करण्यास बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. यामुळे मोठ्या संस्थेमार्फत लहान ग्रामीण संस्थांना निधी मिळण्याचा मार्ग बंद झाला, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. परकीय हस्तक्षेप रोखण्यासाठी व पारदर्शकतेसाठी हे आवश्यक असल्याची सरकारची भूमिका आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार सर्व बालसंगोपन संस्थांची नोंदणी सक्तीची आहे.

सुधारणांचे प्रयत्न

२०१६ च्या जागतिक मानवतावादी परिषदेत झालेल्या ‘ग्रँड बार्गेन’ करारानुसार, २०२० पर्यंत मानवतावादी निधीच्या किमान २५ टक्के रक्कम शक्य तितक्या थेटपणे स्थानिक व राष्ट्रीय संस्थांकडे देण्याचे उद्दिष्ट ठरले. ते मुदतीत साध्य झाले नाही. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अनाथालयांतील स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली. २०२० मध्ये कोविड साथीमुळे पीस कोअरने जगभरातील सर्व स्वयंसेवक माघारी बोलावले, तेव्हा अनेक ठिकाणचे काम स्थानिक कर्मचाऱ्यांनीच पुढे चालवले. त्यामुळे परदेशी स्वयंसेवकांच्या गरजेविषयी नव्याने चर्चा झाली. २०२२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने मदत-क्षेत्रातील वर्णद्वेषावर अहवाल सादर केला. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील देशांनी परस्परांकडे स्वयंसेवक पाठवण्याचे प्रमाणही वाढले आहे.

महाराष्ट्रातील उदाहरणांच्या आधारे काही कसोट्या सांगता येतात. स्वयंसेवकाला बोलावले कोणी? त्याला परत पाठवण्याचा अधिकार यजमानांना आहे काय? तो कोणत्या भाषेत काम करतो? हिशेब कोणापुढे मांडला जातो? तो गेल्यावर काम कोण चालवतो? लॉसन यांच्या नागपूरमधील वास्तव्यामुळे त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडते: परतताना तो काय शिकून जातो?

हे सुद्धा पहा
• पंडिता रमाबाई
• नारायण वामन टिळक
• मीराबेन
• सेवाग्राम
• हिस्लॉप महाविद्यालय
• आनंदवन
• राष्ट्रीय सेवा योजना
• नरखेड तालुका